टाचेचा तगादा

राजर्षी शाहू छत्रपतींनी आपले जनक पिते, कागलचे जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ १९१७ साली मिरज-कोल्हापूर लोहमार्गाच्या कडेला जी पेठ वसविली, ती आधी कागदावर आखून मग जमिनीवर उतरविलेली असल्यामुळे, जयसिंगपुरात आजही रस्ता रस्त्याला काटकोनात मिळतो, गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात आणि चढ-उताराचे नाव जवळजवळ नसते; पायी हिंडणाऱ्यास याहून सोयीचे गाव या मुलखात शोधूनच काढावे लागेल. या सरळ रस्त्यांवर भल्या पहाटे फिरावयास निघणाऱ्या मंडळींचे जे लहान-मोठे जथे दिसतात, त्यांतून वर्षाकाठी दोन-चार चेहरे अकस्मात गैरहजर होतात, आणि घरी जाऊन विचारपूस केली तर बहुधा एकच उत्तर मिळते : "टाच धरलीय, जमिनीला टेकवता येत नाही बघा."

उत्तर देणारा गृहस्थ असतो पेढीवर दिवसभर उभा राहणारा व्यापारी, फळ्यासमोर वीस वर्षे काढलेला शिक्षक किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर आलेला कारकून. गृहिणी असेल तर तिचा अर्धा दिवस ओट्यासमोरच्या फरशीवर गेलेला असतो. वय बहुतकरून चाळीस ते साठ. वैद्यकात ज्याला 'प्लान्टर फॅसिआयटिस' म्हणतात तो हा विकार जिवावर बेतणारा नाही, अंथरुणाला खिळविणाराही नाही. परंतु दर दहा माणसांत सुमारे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा तो गाठतो, आणि एकदा गाठला म्हणजे वसुली कारकुनाच्या चिकाटीने रोज सकाळी दारात उभा राहतो. रात्रभर झोप झालेली, अंग हलके झालेले, आणि खाटेवरून उतरून पहिले पाऊल टाकताच टाचेच्या तळाशी, किंचित आतल्या अंगाला, कोणी दाभण खुपसावे अशी कळ. दहा-वीस पावले लंगडत टाकली की ती ओसरते, दुपारी विसर पडतो, आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना पुन्हा आठवण होते. दुखण्याचा हा विशिष्ट क्रम इतका ठरलेला आहे की अनुभवी वैद्य किंवा डॉक्टर तो ऐकूनच अर्धे निदान करतात.

या क्रमामागील कारण समजून घ्यावयाचे तर शरीरशास्त्राचा ग्रंथ उघडण्याची गरज नाही. खाटेच्या कडेला बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा आणि पायाचा अंगठा हाताने धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावा. तळव्याच्या आतल्या बाजूने, टाचेपासून बोटांकडे जाणारी एक ताठर शीर वर आलेली लगेच दिसेल. ती वस्तुतः शीर नसून चिवट, पांढऱ्या तंतूंचा जाड पट्टा आहे. टाचेच्या हाडाच्या तळाशी असलेल्या उंचवट्यावर त्याचे मूळ असते आणि पुढे जाऊन त्याच्या पाच शाखा पाच बोटांच्या मुळांशी विसावतात. चालताना टाच उचलली गेली आणि बोटे दुमडली की हा पट्टा बोटांच्या सांध्याभोवती, रहाटाच्या चाकावर दोर गुंडाळावा तसा, ताणून गुंडाळला जातो. त्यामुळे पायाची कमान उंचावते, विस्कळीत वाटणारी सव्वीस हाडे एकजीव होतात आणि शरीराला पुढे लोटण्याइतका ताठपणा पावलात येतो. ही यंत्ररचना हिक्स नावाच्या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९५४ साली उलगडून दाखविली. रात्री झोपेत पाऊल सैल होऊन खाली झुकते, पट्टा आखडून राहतो, आणि सकाळी पहिल्या पावलासरशी त्या आखडलेल्या, आधीच दुखावलेल्या पट्ट्यावर देहाचा सारा भार एकदम पडतो. कळ येते ती अशी.

पट्टा दुखावतो म्हणजे नेमके काय होते, याविषयी वैद्यांची समजूत गेल्या काही दशकांत पालटली आहे, आणि उपचारांची दिशाही तिच्याबरोबर वळली आहे. पूर्वी ही निव्वळ दाहाची, सुजेची व्याधी मानीत. सूज उतरविणाऱ्या गोळ्या आणि सक्तीची विश्रांती हा सरधोपट हुकूम असे. तथापि अमेरिकेत शस्त्रक्रियेच्या वेळी काढून घेतलेल्या पट्ट्याच्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होऊन २००३ साली जो वृत्तान्त प्रसिद्ध झाला, त्यात दाहाच्या खुणांपेक्षा झिजेच्या खुणाच ठळक आढळल्या : तंतूंची वीण विस्कटलेली, जागोजाग विरलेली, दुरुस्तीचे काम अर्धवट पडलेले. रोज होणारी झीज आणि रोज होणारी डागडुजी यांचा मेळ बिघडला, झीज पुढे गेली आणि डागडुजी मागे राहिली, की हा विकार उद्भवतो. वजन वाढले, पोटऱ्या आखडल्या, दीर्घ काळ कठीण जमिनीवर उभे राहावे लागले, किंवा वर्षभर बैठे काम करून एके दिवशी एकाएकी उत्साहाचे भरते आले, ही तो मेळ बिघडविणारी नित्याची कारणे होत. शेवटचे कारण आमच्या भागात विशेष दिसते. एरवी दुचाकीवाचून कोपऱ्यावरच्या दुकानात न जाणारा इसम पौर्णिमा आली की शिरोळमार्गे नृसिंहवाडीला अनवाणी निघतो, डांबरी सडकेवरून मैलामागून मैल तुडवितो, दत्तमहाराजांचे दर्शन घेऊन कृतार्थ होतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टाचेवर हात ठेवून बसतो. भक्तीला बोल लावण्याचा माझा इरादा नाही. पट्ट्याला मात्र पौर्णिमा आणि अमावास्या यांत भेद कळत नाही.

एकदा निदान झाले की रोगी दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. काही जण चालणेच बंद करतात. पायाला पूर्ण रजा देतात, पलंगावर बसून वर्तमानपत्र वाचतात, महिन्याभरात दोन किलो वजन वाढवितात, पोटरीचे स्नायू सैल आणि आखूड करून घेतात, आणि ज्या दिवशी बरे वाटून बाहेर पडतात त्या दिवशी पूर्वीइतकेच चालून व्याधी पुन्हा ओढवून घेतात. दुसरे काही जण, विशेषतः तालमीत वाढलेले, दुखण्याला भीक न घालण्याचा बाणा धरून रोजचा फेरा तसाच चालू ठेवतात आणि सहा महिन्यांचे दुखणे दीड वर्षावर नेतात. माझ्या मते पहिल्या वर्गाचा अपराध मोठा आहे, कारण तो सावधपणाच्या नावाखाली घडतो आणि घरची माणसेही त्यास "आता काही दिवस चालणं बंदच करा" म्हणून दुजोरा देतात. विस्कटलेल्या तंतूंची वीण पुन्हा जुळून येण्यास भाराची आज्ञा लागते. भारच नसेल तर शरीर दुरुस्तीची तजवीज करील कशासाठी? प्रश्न भार द्यावा की न द्यावा हा नसून किती द्यावा, एवढाच आहे.

तो किती, हे ठरविण्याची कसोटी सुदैवाने साधी आहे. ज्या हालचालीने दुखणे अगदीच सोसवेल इतके, दहा मापांपैकी तीन-चारांवर न जाणारे, राहते आणि दुसऱ्या सकाळच्या पहिल्या पावलाची कळ कालच्याहून अधिक नसते, ती हालचाल चालू ठेवावी. कळ अधिक असेल तर त्या दिवशीचे माप निम्मे करावे, सर्वस्वी बंद करू नये. यासाठी उशाशी एक वही ठेवून रोज सकाळी कळेचा एक आकडा लिहून ठेवणे फार उपयोगी पडते, कारण हे दुखणे इतक्या संथपणे उतरते की मनाच्या हिशेबावर विसंबणाऱ्याला आठवडेच्या आठवडे काहीच फरक वाटत नाही, आणि वही उघडली की महिन्यापूर्वीचा सात आजच्या चारावर आलेला दिसतो.

मग या मधल्या काळात, टाच सावरेपर्यंत, देहाचा व्यायाम चालावा कसा? जयसिंगपूरसारख्या सपाट गावात पहिला मान सायकलीचा. बैठकीवर बसल्याने देहाचा भार पावलावरून उतरतो, छाती-फुप्फुसांना मेहनत पडते, आणि पायंडलावर चवड्याऐवजी पावलाचा मधला भाग ठेवला तर पट्ट्याला ताण जवळजवळ पोहोचतच नाही. उदगावच्या बाजूस सकाळचा गारवा असेतो अर्धा-पाऊण तास फेरी मारून यावे. पोहणे त्याहूनही उत्तम, फक्त हौदाच्या भिंतीला चवडे लावून जोराने झेप घेण्याचा मोह टाळावा, कारण त्या क्षणी बोटे पूर्ण दुमडतात. आता तालमीचा विषय निघालाच आहे तर, ज्या छत्रपतींनी हे गाव वसविले त्यांनीच कोल्हापुरात १९१२ साली खासबागेचे मैदान उभारले आणि गावोगावच्या तालमींना राजाश्रय दिला, तेव्हा या परिसरात व्यायाम म्हटले की जोर आणि बैठका हेच अजूनही पुष्कळांच्या मनात येते. त्यांपैकी जोरात बोटे दुमडलेली असली तरी भार मुख्यतः हातांवर असतो, म्हणून बहुतेकांना ते सोसतात. देशी बैठकीत मात्र खाली जाताना टाचा उचलल्या जाऊन सारा देह चवड्यांवर तोलला जातो, सबब आजार ताजा असताना ती वर्ज्य करावी आणि तिच्या जागी टाचा जमिनीवर पक्क्या ठेवून खुर्चीवर बसावे-उठावे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी ज्यांचा घरोघर प्रसार केला त्या सूर्यनमस्कारांतही एक पाय मागे टाकताना दुखऱ्या पायाची बोटे किती वाकतात ते पाहून, प्रसंगी ती उताणी टेकून, काम भागविता येते. मुद्गल बसून फिरवावेत. सारांश, टाच जायबंदी झाली म्हणून छाती, खांदे, पाठ आणि मांड्या यांना सुट्टी देण्याचे काहीच प्रयोजन नाही.

हे झाले इतर शरीराचे. खुद्द त्या पट्ट्याची मशागत हा निराळा आणि अधिक महत्त्वाचा भाग. तिची सुरुवात अंथरुणातच होते. पहिले पाऊल जमिनीवर पडण्यापूर्वी, वर सांगितल्याप्रमाणे पाय मांडीवर घेऊन, बोटे नडगीकडे ओढून दहा अंक मोजावेत, सोडावे, आणि असे दहा वेळा करावे, दिवसातून तीनदा. दुसऱ्या हाताने तळव्यावरील पट्टा ताठ झाल्याची खात्री करून घ्यावी. याच्या जोडीला भिंतीला हात टेकून, दुखरा पाय मागे सरळ ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणण्याची जुनी रीत आहे, तीही चालू द्यावी.

त्यापुढची पायरी भाराची, आणि ही पायरी अक्षरशः पायरीवरच करावयाची असते. डेन्मार्कमध्ये रॅथलेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांवर प्रयोग करून २०१४ साली ती प्रसिद्ध केली. जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभे राहावे, टाच मागे मोकळी सोडावी. पंच्याची घट्ट गुंडाळी करून ती बोटांखाली अशी सारावी की बोटे वर उचललेली राहतील आणि पट्टा आधीच ताणला जाईल. मग तीन अंकांत टाच सावकाश वर न्यावी, दोन अंक तेथेच थांबावे, तीन अंकांत खाली आणावी. एकाआड एक दिवस, कष्टाने जेमतेम बारा वेळा जमेल एवढ्या भाराने तीन आवर्तने. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत ग्रंथ भरून भार वाढवावा म्हणजे दहाच वेळा जमेल, आवर्तने चार. आणखी दोन आठवड्यांनी भार पुन्हा वाढवून आठ वेळा, आवर्तने पाच. एका पायावर सुरुवातीला जमत नसेल तर दोन्ही पायांनी करावे, लाज वाटून घेऊ नये. या प्रयोगात तीन महिन्यांच्या अखेरीस भार उचलणाऱ्यांची प्रगती केवळ ताण देणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. वर्षअखेर मात्र दोन्ही गट जवळजवळ एकाच जागी आले, ही गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लाभ झाला तो लवकर बरे वाटण्याचा, आणि ज्याला सकाळी उठून कामावर जावयाचे आहे त्याच्या दृष्टीने तो लहान नव्हे. मला यात एक गंमत वाटते ती अशी की टाच उचलून चवड्यावर देह तोलण्याची जी क्रिया आजार ताजा असताना आपण तालमीतून वर्ज्य केली, तीच, संथ केली आणि मोजून-मापून दिली, की औषध ठरते; फरक उरतो तो वेगाचा आणि संख्येचा.

चालण्याकडे परतताना अंतर मोजू नये, वेळ मोजावा. पाऊण तासाच्या सवयीच्या माणसाने सकाळी दहा मिनिटे आणि सायंकाळी दहा मिनिटे अशा दोन तुकड्यांत आरंभ करावा, सिमेंटच्या रस्त्याऐवजी मैदानाची किंवा शेताच्या कडेची माती पत्करावी, आणि वही अनुकूल असेल तरच दर आठवड्यास दोन-तीन मिनिटे वाढवावीत. धावणे सर्वांत शेवटी. कुंभोजच्या बाहुबलीच्या पायऱ्या चढावयाच्याच असतील तर पूर्ण पाऊल पायरीवर ठेवून चढाव्यात. अर्धे पाऊल अधांतरी ठेवून चढणाऱ्याची टाच प्रत्येक पायरीगणिक लोंबकळते.

पादत्राणांचा प्रश्न इकडे नाजूक आहे, कारण कोल्हापुरी वहाण ही येथे केवळ पायात घालण्याची वस्तू नाही. महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या चार-चार जिल्ह्यांना मिळून २०१९ साली तिचे भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, तिच्या कातड्याची आणि वेणीची कीर्ती सर्वदूर आहे, आणि लग्नकार्यात ती न घालणे म्हणजे पोशाख अपुरा ठेवणे. परंतु तिचा तळ सपाट आणि कठीण असतो, टाचेखाली मऊपणा नाही, कमानीला आधार नाही. निरोगी पावलाला ती वर्षानुवर्षे साथ देते, आजारी टाचेला मात्र काही महिने तिची रजा घ्यावी लागते. किंचित उंच टाचेचा, मागून घट्ट धरणारा, कमानीखाली उचल असलेला बूट त्या मुदतीपुरता बरा. अधिक बिकट अडचण घराच्या आत आहे. आपल्याकडे घरात वहाणा घालण्याचा रिवाज नाही, स्वयंपाकघरात तर नाहीच, आणि जुन्या घरांतली शेणाने सारवलेली मऊ भुई जाऊन तिच्या जागी गुळगुळीत फरशी आली. म्हणजे ज्या ठिकाणी गृहिणी सर्वाधिक उभी असते त्याच ठिकाणी टाच सर्वांत उघडी पडते. घरापुरती निराळी, बाहेर कधीही न जाणारी जाड तळाची सपात ठेवली, ती देवघराच्या उंबऱ्याशी काढली आणि पूजा आटोपताच पुन्हा घातली, तर कोणत्या सासूबाईंचा त्याला आक्षेप येईल असे मला वाटत नाही. आला, तर त्यांच्याही टाचेची चौकशी करावी.

घरगुती उपायांत तापविलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून त्यावर टाच शेकण्याचा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि शेकाने तात्पुरता आराम पडतो यात संशय नाही. मात्र मधुमेही माणसाच्या पायाची संवेदना मंदावलेली असल्यास वीट किती तापली हे त्याला कळत नाही आणि भाजल्याची जखम महिनोन्‌महिने चिघळते, म्हणून अशांनी त्या वाटेला जाऊ नये. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, हेही ध्यानात असावे. बर्फ गोठविलेली बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटे फिरविणे हा त्याहून निर्धोक प्रकार. क्ष-किरणांच्या चित्रात टाचेखाली अणकुचीदार वाढ दिसली की घरोघर "हाड वाढलंय" म्हणून घबराट पसरते. वास्तविक अशी वाढ टाच कधीही न दुखलेल्या पुष्कळ लोकांतही सापडते, आणि ती तशीच राहून दुखणे पूर्ण जाते, सबब तिच्यावर शस्त्र चालविण्याची घाई करण्याचे कारण नाही. स्टेरॉइडची सुई टोचून घेतल्यास काही आठवडे चांगली उसंत मिळते, पण ती पुनःपुन्हा घेतल्याने पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरळ होण्याचा धोका असतो. उसंतीचे ते आठवडे व्यायामाविना गेले तर सुई वाया गेली असे खुशाल समजावे. बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून सहा महिने ते वर्षभरात बरे होतात.

मात्र टाच दुखते म्हणजे हाच विकार असे गृहीत धरून चालणार नाही. रात्री निजल्या जागी ठणका लागत असेल, टाच लाल व सुजलेली असेल, ताप असेल, तळव्याला मुंग्या येत किंवा बधिरता वाटत असेल, पडल्या-धडपडल्यानंतर पाऊल टेकवणेच अशक्य झाले असेल, अथवा ऐन तारुण्यात दोन्ही टाचांबरोबर सकाळी कंबरही तासन्‌तास आखडत असेल, तर व्यायामाचा प्रयोग बाजूस ठेवून विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. यांतील काही लक्षणे हाडाच्या चिरेची, काही नसेच्या दाबाची आणि शेवटचे तर सांध्यांच्या एका निराळ्याच, दीर्घ मुदतीच्या आजाराचे असू शकते.

आतापर्यंत जे लिहिले ते ज्यांना सकाळची सायकल आणि पायरीवरची आवर्तने यांसाठी सवड आहे त्यांच्यापुरते झाले. बाजार आवारातील हमाल, खाणावळीत शेकड्यांनी भाकऱ्या थापणारी बाई, कारखान्याच्या गळीत हंगामात पाळीभर उभा असलेला कामगार, एस. टी.चा वाहक, यांना व्यायाम कमी पडत नाही. त्यांना भार कमी करावयाचा असतो आणि तो कमी करण्याची मुखत्यारी त्यांच्या हाती नसते. त्यांच्यासाठी उपाययोजना वेगळ्या क्रमाने सांगितली पाहिजे : उभे राहण्याच्या जागी पोत्याची जाड घडी किंवा रबरी चटई, हाताशी एक उंच स्टूल ज्यावर भाकरी भाजतानाची दहा मिनिटे टेकता येईल, पाळी सुरू होण्यापूर्वी बोटे ओढण्याची दहा आवर्तने, टाचेखाली बुटात मऊ गादी, आणि पायरीवरच्या व्यायामासाठी आठवड्याच्या सुट्टीसह तीन दिवस, कामाच्या आधी, थकण्यापूर्वी. ओझे उचलणाऱ्याने काही आठवडे गाडीवरचा माल उतरविण्याऐवजी तोलाईचे किंवा पोती शिवण्याचे काम मागून घ्यावे. मुकादम समजूतदार असेल तर हा फेरफार फारसा अवघड नसतो, आणि नसेल तर डॉक्टरांची चिठ्ठी, त्यात "पूर्ण विश्रांती" असे मोघम न लिहवून घेता "सहा आठवडे बसून करावयाचे काम" असे स्पष्ट लिहवून, सोबत न्यावी, म्हणजे रोजही बुडणार नाही आणि टाचेलाही मुदत मिळेल.